मदीहाचे चाळीस स्क्रॅप

खुशाल कंडक्टरला एक वाईट खोड होती. ब्रह्मपुरी-कुरखेडा गाडीत तिकिटं फाडता फाडता तो लोकांचं बोलणं ऐकायचा, आणि ड्यूटी सुटली की ऐकलेलं अर्धंमुर्धं घेऊन थेट सादिकच्या भंगाराच्या गोदामात हजर व्हायचा. दोघं पहिलीपासूनचे सोबती. खुशालच्या बातम्यांनी आजवर गावातल्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि एक चुकून जमली होती, पण त्याची हौस काही फिटत नव्हती.

त्या दिवशी तो आला तोच हसत. "का बे सादिक, पोरगी धंद्यात उतरवली आन् मले सांगतलं बी नाई?"

सादिक फुटक्या बादल्यांच्या ढिगात बसला होता. "कोनती पोरगी?"

"तुले काय धा पोरी हायेत? मदीहा! आज गाडीत दोन कॉलेजच्या पोरी बोलून राह्यल्या होत्या. मदीहाले एका दिवसात चाळीस स्क्रॅप आले म्हनते. चाळीस! आन् नागपूरचा कोनी नबील हाय, त्याचे तं रोजच येतेत."

आता हे दोन हजार सात साल होतं, आणि ब्रह्मपुरीच्या कॉलेजातलं कोणतंही पोर सांगू शकलं असतं की स्क्रॅप म्हणजे ऑर्कुटवरची चिठ्ठी. पण सादिक कॉलेजात गेला नव्हता. त्याच्या धंद्यात गावचे लोक भंगार म्हणायचे आणि नागपूरचे मोठे व्यापारी स्क्रॅप म्हणायचे, एवढाच त्याला फरक ठाऊक. तेव्हा बारावीत शिकणारी आपली पोरगी एका दिवसात चाळीस नग माल उचलते, तेही नागपूरच्या पार्टीकडून, हे ऐकून त्याची छाती आधी फुगली. त्याच्या अब्बांनी हातगाडी ढकलली, त्यानं गोदाम उभं केलं, आता पोरगी थेट नागपूरला हात घालते. रक्तात असावं लागतं म्हणतात ते हेच.

छाती फुगून खाली बसली तसा त्याला दुसरा विचार आला. माल ठेवते कुठे?

घरी जाऊन त्यानं मदीहाची गादी उलटली, पलंगाखाली वाकून पाहिलं, संडासामागचं टिनही उचलून पाहिलं. त्याची बायको रुबीना दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"काय हुडकून राह्यले?"

"माल."

"कोनता माल?"

"ते तुह्या पोरीले विचार. कॉलेज सुटल्यावर जाते कुठी ते सांग."

"संघपालच्या कॅफेत. कॉम्प्युटरच्या अभ्यासाले. मीच तं सांगतलं होतं तुमाले, तवा तुमी हो म्हनले होते."

म्हटलं असेल. बायको सांगते तेव्हा हो म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, अशी सादिकची वीस वर्षांची पद्धत होती. घरात ही मंडळी हिंदी बोलायची, पण ब्रह्मपुरीची हिंदी म्हणजे इकडच्या झाडीबोलीनं घातलेली हिंदी टोपी. म्हणून इथे ती मराठीतच लिहिली तरी कोणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं कॉलेजात असतानाच, सादिक कॅफेत गेला. सोबत एक रिकामं पोतं घेतलं. माल बरा असला तर तिथूनच उचलावा हा हिशोब.

संघपालचा कॅफे बसस्टँडच्या मागे होता. पाच कॉम्प्युटर, एक पंखा, आणि भिंतीवर पाटी: 'पडदे मागू नयेत.' दुसऱ्या कॅफेंमध्ये लाकडी खोपे करून पडदे लावलेले असायचे. संघपालनं असले लाड केले नव्हते. त्याचा धंदा त्यामुळे थोडा मार खायचा, पण पोरींच्या आया त्याचंच नाव घ्यायच्या. सादिकला हातात पोतं घेऊन आलेला पाहून तो उठून उभा राहिला.

"या सादिकभाऊ. जुना मॉनिटर आहे एक, पन तो अजून चालते."

"मॉनिटर राहू दे. माह्या पोरीचा स्क्रॅप कुठी ठेवतेस?"

"तिचा स्क्रॅप?" संघपाल बुचकळ्यात पडला. "तो तं तिच्या स्क्रॅपबुकात असते, भाऊ."

"बुक बी ठेवते?" सादिकच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. त्याला स्वतःला आजवर धड वही ठेवता आली नव्हती. "दाखव."

संघपालनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटरवर मदीहाचं पान उघडलं. वर मांजरीच्या पिल्लाचा फोटो. खाली इंग्रजी मजकूर. सादिकनं मान वाकडी करून पाहिलं, मागे कुठे माल दिसतो का तेही पाहिलं. मग संघपालच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो एवढा हसला की त्याला टेबलाला धरावं लागलं. हसणं आवरल्यावर त्यानं समजावून सांगितलं: हा स्क्रॅप म्हणजे चिठ्ठी. मित्रमैत्रिणी एकमेकांच्या पानावर लिहितात. कशी आहेस, जेवलीस का, पेपर कसा गेला.

"चाळीस चिठ्ठ्या?" सादिक म्हणाला. "एका दिवसात? एवढं काय जेवते ती?"

पोतं त्यानं घडी करून मांडीखाली घातलं. छातीतली हवा तर कधीचीच गेली होती, आता तिच्या जागी काहीतरी जड बसलं. "हे मेटल बिझनेसमन काय लिवलं हाय?"

"तुमी. वडील मेटलचे व्यापारी, असं लिवलं तिनं."

यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं हे सादिकला ठरवता येईना. व्यापारी हा शब्द चांगला होता. पण भंगार हा शब्द पोरीनं टाळला, हेही त्याला दिसलं. वाईटच वाटलं, खोटं कशाला बोला.

"आन् तो नबील? त्याचं वाच."

संघपाल कचरला. दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची म्हणजे बरं नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. पण ते पान तर कोणालाही उघडं होतं, अख्खी ब्रह्मपुरी वाचत होती, आणि वाचलं नव्हतं फक्त बापानं. त्यानं वाचलं. नबील नागपूरचा. इंजिनिअरिंगला. फोटोत मोटारसायकलला टेकून उभा, गॉगल लावलेला. त्याचं म्हणणं की त्याच्याही पप्पांचं नागपुरात लोखंडाच्या भंगाराचं मोठं गोदाम आहे, आणि त्याला त्याची बिलकूल लाज वाटत नाही. मदीहानंही लाज वाटून घेऊ नये. मग शेवटची चिठ्ठी, कालची: 'रविवारी ब्रह्मपुरीला येतो. गाडीनं घोडाझरीला जाऊ, तलाव पाहू. घरी सांगू नको.'

पंचवीस वर्षांत सादिकच्या गोदामात हरतऱ्हेचा माणूस येऊन गेला होता. कोणी बापाची सायकल आणायचा, कोणी सासूची कढई. ओळखायची खूण एकच. जो माणूस माल टाकून म्हणतो, "भाऊ, कोनाले सांगू नका", त्याचा माल चोरीचा असतो. आजवर एकदाही ही खूण चुकली नव्हती. आणि इथे हा गॉगलवाला त्याच्या सतरा वर्षांच्या पोरीला तेच सांगत होता.

रागानं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मले बी लिवाची हाय चिठ्ठी. तिले."

संघपालनं त्याचं खातं उघडून दिलं, नाव टाकलं, चिठ्ठी लिहायची चौकट दाखवली, आणि तेवढ्यात झेरॉक्सला गिऱ्हाईक आलं म्हणून तो बाहेर गेला. तिथेच घात झाला. चिठ्ठी म्हणजे पाकिटात बंद असते, फार तर पोस्टमन वाचतो, ही सादिकची समजूत. ही चिठ्ठी चावडीवर लावायची असते हे त्याला कोण सांगणार? एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, त्यानं पाऊण तास टाइप केलं. ब्रह्मपुरीत त्या साली लाइट दिवसातून सहा तास जायची. पंखा गरगरायला लागला की जायची, दळण अर्धं झालं की जायची. त्या पाऊण तासात गेली नाही.

त्यानं लिहिलं होतं ते असं: 'मदीहा बेटा. तुझे अब्बू सादिक भंगारवाले. सरळ घरी ये. तो नबील कोण आहे. पोट बरं आहे का. जुलाब थांबला का. अम्मीनं भाताची पेज ठेवली आहे.'

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून चारच्या आत ते अख्ख्या वर्गात पोचलं.

मदीहा घरी आली ती रडत नव्हती, हे जास्त वाईट. दप्तर ठेवलं, ओढणी काढून नीट घडी केली, आणि सादिकसमोर उभी राहिली.

"जुलाब?" ती म्हणाली.

"बेटा, मले वाटलं..."

"सगळ्या वर्गानं वाचलं, अब्बू. सरांनी बी वाचलं. केमिस्ट्रीच्या तासाले मी हात वर केला तं मागून पोट्टे म्हनतेत, जाऊ द्या सर, अर्जंट असन."

रुबीनानं तोंडाला पदर लावला. तिला हसू येत होतं की रडू, हे पदरामुळे कळलं नाही.

"आन् तू?" सादिकचा आवाज चढला. बापाचा आवाज चूक स्वतःची असली की हमखास चढतो. "तू त्या गॉगलवाल्यासंगं घोडाझरीले जानार होतीस! घरी न सांगता! त्याचं काय?"

अब्बूंनी फक्त लिहिलं नाही, वाचलंही, हे मदीहाला आत्ता समजलं. "तुमी माह्या चिठ्ठ्या वाचल्या," ती हळूच म्हणाली. "ठीक हाय. आता मी तुमाले कदीच काई सांगनार नाई. कदीच."

आणि ती आत गेली.

खुशाल संध्याकाळी आला तेव्हा त्याला सगळी बातमी आधीच ठाऊक होती, शिवाय कुरखेड्यापर्यंत पोचवूनही झाली होती. त्याचा सल्ला तयार होता. "कॅफे बंद कर. मोबाइलले हात लावू देऊ नको. कॉलेजले तू सोड, तूच आन. माह्या घरी मी तेच करतो."

"आन् तुही पोरगी, हर्षा, तुह्यासंगं बोलते?"

खुशालनं थोडा विचार केला. "जेवाले ये म्हनते," तो म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला मदीहा आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, पण भाकर मागायची तर धाकट्या भावाच्या ताटाकडे पाहून मागायची. सादिक घरात नसल्यासारखी ती वागत होती. भांडली असती तर सादिकला परवडलं असतं, भांडणात तो तरबेज होता. गप्प पोरीपुढे त्याला काही सुचेना. गोदामात गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं आणि तो म्हणायचा, "कदीच?"

शुक्रवारी रुबीनानं त्याला अंगणात गाठलं. हातात विळी होती, कारण भाजी चिरायची होती, पण सादिक थोडा मागे सरकला.

"एक सांगा. तुमच्या गोदामात कोनी न विचारता घुसलं, माल उलटापालटा केला, आन् वरून भर चौकात बोंब मारली, तं तुमी काय करता?"

"तंगडं तोडतो."

"पोरीनं तं तंगडं बी नाई तोडलं. नुसती बोलाची थांबली." विळीवर वांगं चिरत ती म्हणाली. "मदीहाचे अब्बू, ऐका. तो पोट्टा रविवारी येनार तं येनार. तुमी तिले खोलीत कोंडसान, हा रविवार टळन. मंग दुसरा नबील येईन, आन् तवा ती चिठ्ठी उघड्यावर ठेवाची बी नाई. आपल्याले समजनारच नाई. मले त्या पोट्ट्याचं भेव नाई वाटत तेवढं याचं वाटते."

सादिकलाही तेच भेव होतं. त्यानं ते तोंडानं म्हटलं नव्हतं एवढंच. पोरगी चुकेल याची त्याला तयारी होती, चुकून एकटी पडेल याची नव्हती.

शनिवारी कॉलेज सकाळचं. मदीहा दुपारी घरी आली तेव्हा सादिक गोदाम बंद करून ओसरीवर बसला होता. भर धंद्याच्या वेळी अब्बू घरी, हे तिनं आजारपणाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ती थबकली.

"बस," सादिक म्हणाला. ती बसली नाही. "बरं, उभी राह्य. बेटा, माही चूक झाली. तुही चिठ्ठी वाचली ते चुकलं, अन् ते पोटाचं लिवलं ते तं लयच चुकलं. माफ कर."

मदीहानं दप्तर खाली ठेवलं. बापाच्या माफीची पोरांना सवयच कुठे असते?

"मी एकोनीस वर्षांचा होतो," सादिक बोलायला लागला, आणि बोलताना खालीच पाहत होता. "अब्बांनी पयल्यांदा मले एकट्याले हातगाडीवर उभं केलं. एक मानूस आला, धुतले कपडे, गोड बोलनं. पान्याचे पितळेचे गुंड आनले. म्हने, घरचे हायेत, कोनाले सांगू नका, इज्जतीचा सवाल हाय. मी लगेच घेतले. संध्याकाळी अब्बांनी चुंबक लावलं तं खट्टकन चिकटलं. लोखंडाले पितळेचं पानी देल्लं होतं. अब्बा मले मारतेत असं वाटलं. त्याईनं चुंबक माह्या हातात देल्लं अन् म्हनले, उद्यापासून तू लावशीन."

"मंग?"

हा तीन दिवसांतला तिचा त्याच्याशी पहिला शब्द. सादिकनं तो पडू दिला नाही.

"मंग हेच. तो नबील सोनं असन तं सोनं निघन. मी म्हनत नाई तो खोटा हाय. पन एक सवाल विचारू त्याले. तूच विचार, तुह्या हातानं. मी बाजूले बसतो. बोटही लावत नाई, कसम."

मदीहानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो खरा हाय, अब्बू," ती म्हणाली. "कॉलेजात पोरी मले भंगारवाली म्हनतेत. तुमाले नाई सांगतलं कदी. तो एकटाच म्हनला का त्याच्या घरी बी हाच धंदा हाय, आन् शरम कायची? मले तेवढंच बरं वाटत होतं."

पोरगी रोज काय ऐकून घेत होती आणि आपण मेटल बिझनेसमन वाचून तिच्यावरच रुसलो होतो. "चाल," सादिक म्हणाला. "मंग तं तो आपलाच मानूस निघन."

कॅफेत संघपालनं दोन खुर्च्या लावून दिल्या आणि स्वतः लांब जाऊन बसला. मॉनिटरवर नबीलच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे तोही बसला होता. मदीहानं आधी नमस्कार-चमत्काराच्या दोन ओळी टाइप केल्या. दोन बोटांनी, एवढ्या भराभर, की सादिकला आपल्या पाऊण तासाची लाज वाटली.

"काय विचारू?" तिनं अब्बूंकडे वळून म्हटलं.

"विचार, तुमच्याकडं बीड किती येते?"

मदीहा गालात हसली. यात काय विचारायचं? भंगाराच्या धंद्यातलं शेंबडं पोरही बीड जाणतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड: जुना तवा, चरकाची चाकं, पंपाचं धूड. हातोडा मारला की वाकत नाही, तुकडे पडतात. नागपूरच्या मोठ्या गोदामवाल्याचा पोरगा तर बिडावरच मोठा झाला असणार. तिनं प्रश्न पाठवला.

उत्तर लगेच आलं. मदीहानं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज मध्येच बारीक झाला.

'बीडला आपली ब्रँच नाही. बीड मराठवाड्यात येतं ना, डिअर. आपला सगळा माल नागपुरातच.'

सादिकनं कसम खाल्ली होती. जीभ दाताखाली धरून तो पंख्याकडे पाहत बसला, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड दोन मिनिटं ती असावीत.

मदीहानं परत टाइप केलं. हे तिनं स्वतःच्या मनानं विचारलं: 'अरे, बिडाचा तवा. तो कसा ओळखायचा?'

'हो हो, बीडचा तवा खूप फेमस आहे. पप्पांनी मम्मीसाठी तिथूनच आणला होता.'

मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला. संघपाल होता, लांबून ऐकत होता मेला. मग मदीहाला हसू फुटलं. ती हसली, सादिक हसला, झेरॉक्सचं गिऱ्हाईक काही न कळता हसलं. बीडच्या तव्याच्या नावानं तिघंचौघं डोळे पुसत होते. मग सादिकच्या लक्षात आलं की बाकीच्यांचे डोळे पुसून झाले तरी मदीहाचे होत नाहीत.

तिनं नाक पुसलं आणि शेवटचं वाक्य टाइप केलं: 'माझे अब्बू बाजूला बसले आहेत. त्यांच्याकडे तव्यांचा ढीग आहे. उद्या या, मम्मीसाठी दुसरा घेऊन जा.'

हिरवा ठिपका विझला. नागपूरचं गोदाम, इंजिनिअरिंग, मोटारसायकल, सगळं एका सेकंदात बंद.

"मी जानार होती, अब्बू," मदीहा म्हणाली. "उद्या. सांगून ठेवलं होतं मी, मैत्रिणीकडं नोट्स आनाले जातो म्हनून."

सादिकला रागावता आलं असतं आणि रागावायचा हक्कही होता, पण त्याला एवढी भीती वाटली की रागाला जागाच उरली नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरला. बसस्टँडवरून घरापर्यंत तसाच चालला, आणि येणारेजाणारे पोरीला ताप आहे का म्हणून विचारत राहिले.

रविवारी नबील आला नाही. खुशाल मात्र दिवसभर स्टँडवर गॉगलवाले शोधत फिरला आणि त्यानं एका निरपराध औषध विक्रेत्याची बॅग दोनदा तपासली.

इथे ही गोष्ट संपली असं सादिकनंही धरलं होतं. मदीहा परत भांडू लागली होती, भाकर त्याच्याकडे पाहून मागत होती. त्या शनिवारनंतर आठवडा गेला, वर चार दिवस गेले. मग एका बुधवारी, उन्हं चढलेली, गोदामात लटारू नावाचं गिऱ्हाईक आपलं गंजकं पिंप घेऊन तराजूपाशी उभं, आणि मदीहा दारात आली. कॉलेजच्या वेळेत. गोदामात ती सहसा यायची नाही. आजूबाजूला कोणी ओळखीचं आहे का हे पाहून मगच इकडे वळणारी पोरगी आज सरळ आत आली.

"अब्बू, एक सांगाचं होतं. त्या दिवशी नाई सांगतलं."

"भाऊ, माहं पिंप," लटारू म्हणाला.

"पिंपाले पाय नाई फुटत तुह्या. थांब." सादिकनं तराजू सोडला. "सांग."

"मी त्याले फोटो पाठवला होता. शेजारच्या रेहानाच्या लग्नातला, मेहंदीचा. डोक्यावर ओढनी नाई त्यात." ती भराभर बोलत होती, थांबली तर परत सुरू होणार नाही अशी. "आता तो दुसऱ्या नावानं आला. म्हनते, भेटाले नाई आलीस तं फोटोखाली घान घान लिवून सगळ्या कॉलेजले पाठवतो. तुमच्या जमातीत बी पाठवतो म्हनला."

सादिकला विचारावंसं वाटलं, पाठवलास कशाला, अक्कल कुठे गेली होती, रेहानाची आई काय म्हणेल, गाव काय म्हणेल. सगळे प्रश्न एका दमात ओठांपर्यंत आले. तो बारदान्यावर बसला, आणि प्रश्न एकेक करून गिळले. वेळ लागला. लटारूही पिंपाला टेकून उभा राहिला.

"फोटो तुहा हाय," शेवटी सादिक म्हणाला. "मेहंदीचा हाय. त्यात शरम कायची? शरम त्याले वाटाले पायजे, तुले नाई. तो जे जे बोलला ते पुसू नको. संघपालकडून कागदावर काढून घेऊ, आन् ठान्यात जाऊ. अम्मीले बी संगं घेऊ."

मदीहानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी रागावले नाई."

"लय रागावलो. पन तुह्यावर नाई." मग त्याला खोटं बोलवेना. "थोडा तुह्यावर बी. पन तो नंतर पाहू."

त्यानं लटारूला पिंपासकट बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं, आणि दोघं उन्हात निघाली. थोडं चालल्यावर सादिकनं विचारलं, "हे सांगाले तुले किती दिवस लागले?"

"अकरा."

"लय झाले."

"हो."

"पुढच्या टायमाले?"

मदीहानं खरोखर विचार केला. पटकन 'लगेच सांगीन' म्हणाली असती तर सादिकनं विश्वास ठेवला नसता. तोंडावरचं हो तो स्वतः वीस वर्षं वापरत आला होता.

"एक दिवस तं लागनच, अब्बू," ती म्हणाली.

"एक चालते," सादिक म्हणाला, आणि रुबीनाला हाक मारायला घराच्या गल्लीत वळला.